चार बँड, एक रात्र, आणि 'नाइट' कुणाची?

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका पोरानं व्हॉट्सॲपवर एक पोस्टर टाकलं. चार बँड, शनिवार संध्याकाळ, तिकीट ३०० रुपये, सगळी स्वतःची गाणी. पोस्टर जरा जास्तच लाल होतं पण ते जाऊ दे. अर्ध्या तासात ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे सीनला सपोर्ट करा, घरी बसून रील बघता आणि मग रडता की पुण्यात लाइव्ह म्युझिक राहिलं नाही. दुसरी म्हणे हे सरळ शोषण आहे, एका रात्रीच्या पैशात चार बँड राबवून घ्यायचे, प्रत्येकाच्या तोंडाला अर्धा तास पुसायचा आणि वर एक्सपोजर मिळालं म्हणायचं. मग कुणीतरी कुणाच्या तरी जुन्या बँडचा उद्धार केला आणि ॲडमिननी मेसेज बंद केले. हा वाद मी वीस वर्षं ऐकतोय, पूर्वी तो जॅमरूमच्या, म्हणजे सरावाच्या खोलीच्या, बाहेर टपरीवर व्हायचा एवढाच फरक, आणि दर वेळी तो त्याच चुकीच्या खड्ड्यात जाऊन अडकतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. रात्र वाटून घेणं बरोबर आहे, आणि छोट्या बँडसाठी तर तोच सगळ्यात शहाणा व्यवहार आहे. शोषण होतं हेही खरंय, पण ते होतं कारण वाटणीचा कागद कुठंच नसतो. आपल्या नाटकवाल्यांकडे एक झकास शब्द आहे, 'नाइट'. 'तो किती नाइट घेतो?' म्हणजे एका प्रयोगाचे किती पैसे घेतो. रात्र आणि रात्रीचे पैसे, दोन्ही एकाच शब्दात. आम्ही बँडवाले पहिल्या अर्थावरून डोकी फोडतोय आणि सगळा घोळ आहे दुसऱ्या अर्थात.

मी बेस वाजवतो. म्हणजे वाजवायचो, आता जास्त करून दुसऱ्यांच्या गिगला, म्हणजे कार्यक्रमाला, स्टेज सांभाळतो, केबली गुंडाळतो आणि ड्रमरला जरा हळू वाजव म्हणून सांगतो, जे आजवर एकाही ड्रमरनी ऐकलेलं नाही. त्यामुळं मी तत्त्वज्ञानापेक्षा घड्याळाकडे आधी बघतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम आले २००० साली, त्यानुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. बंद सभागृहाला सूट आहे, पण आपल्या गिगची जागा म्हणजे अर्धी गच्ची, अर्धं पत्र्याचं शेड आणि मधे एक आंब्याचं झाड, तिला सभागृह कोण म्हणणार? तिथं दहा म्हणजे दहा. सवाई गंधर्व महोत्सवालासुद्धा रात्रभर चालणाऱ्या बैठका सोडून दुपारी तंबोरे लावायला लागले, तिथं आपली काय कथा. मुंबईत धोबीतलावचं रंगभवन आठवा. १९८६ साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक, म्हणजे आपला आय-रॉक, तिथं गाजला, तिथं एकदा वाजवलं की बँडचं नाव व्हायचं. शेजारी कॉलेज, जवळ हॉस्पिटलं, शांतता क्षेत्राचा नियम लागला आणि ती उघडी जागा रॉकला कायमची बंद झाली. हॉस्पिटलात पडलेल्या माणसाची बाजू मला पूर्ण पटते, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण त्या नियमामुळं रात्र लहान झाली हे तर धरावंच लागेल ना.

तर शनिवारी हातात उरतात सात ते दहा, तीन तास. आता एखाद्या नव्या बँडकडे स्वतःची गाणी किती असतात? खरं सांगा. सहा. सात म्हणत असतील तर सातव्याचे शब्द अजून यायचेत. म्हणजे पस्तीस-चाळीस मिनिटांचा माल. एकट्या बँडला अख्खी रात्र दिली तर उरलेले दोन तास तो काय करणार? कव्हर्स. कॅफेवाला तर आधीच सांगतो की तीन सेट पाहिजेत, लोकांना ओळखीची गाणी पाहिजेत, हिंदी पण असू दे थोडं. म्हणजे ज्यांना वाटतं एकट्यानं रात्र घेतली की बँडचा मान राहतो, ते खरं तर त्या बँडला दोन तास दुसऱ्याची गाणी वाजवायला पाठवतायत. मी स्वतः असे तीन-तीन सेट वाजवलेत. तिसऱ्या सेटला टेबल नंबर चारवर कुणाचा तरी बर्थडे असतो आणि तुम्ही हॅपी बर्थडे वाजवता, आणि ते त्या रात्रीचं सगळ्यात जास्त टाळ्या मिळालेलं गाणं असतं. वाटून घेतलेल्या रात्रीत निदान वाजतात तेवढी सगळी गाणी स्वतःची असतात आणि सेट संपतो तेव्हा पेटारा रिकामा झालेला नसतो.

आता पैसे. लोक म्हणतात चार बँड म्हणजे पैशाचे चार तुकडे. बरोबर. पण खर्चाचेही चार तुकडे होतात हे मात्र कुणीच म्हणत नाही. साधा हिशोब धरून चालू, आकडे माझे, पण अगदीच हवेतले नाहीत. साउंड भाड्यानी आणायचं ८,००० ला, साउंड करणाऱ्या माणसाला २,०००. म्हणजे पहिला कॉर्ड वाजायच्या आधीच १०,००० गेले. एकट्या नव्या बँडची माणसं किती येतात, मित्र, मित्रांचे मित्र, एक मामेबहीण, पंचवीस धरा. पंचवीस गुणिले ३०० म्हणजे ७,५००. झाला की अडीच हजाराचा खड्डा. तेच चार बँड मिळून ऐंशी माणसं आली तर २४,००० येतात, दहा वजा केले की १४,००० उरतात, बँडमागे साडेतीन हजार. चौघांच्या बँडला माणशी पावणेनऊशे. त्यातून जॅमरूमचं भाडं आणि रिक्षा वजा करा, फार तर एक मिसळ उरेल. श्रीमंत कुणी होत नाहीये. पण खड्ड्यात जाणं आणि मिसळ खाणं यात फरक आहे आणि तो फरक रात्र वाटल्यामुळं पडलाय.

आता विरोधी बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, आणि ते थोडंथोडकं नाही. पहिलं म्हणजे साउंड. चार बँड म्हणजे चार ड्रमर, प्रत्येकाला स्टूल वेगळ्या उंचीवर पाहिजे, प्रत्येक गिटारवाल्याचा पेडलबोर्ड म्हणजे एक छोटं सबस्टेशन, आणि साउंडचेक फक्त पहिल्या बँडचा होतो, बाकीच्यांना लाइन चेक, 'हॅलो हॅलो, येतंय का, हां, करा चालू'. दुसरं, माणसं आपापल्या बँडपुरती थांबतात. पहिला बँड संपला की त्याची पंचवीस माणसं उठून वडापाव खायला जातात आणि चौथ्या बँडला तिसऱ्या बँडचे दमलेले लोक ऐकतात. तिसरं, आणि हे सगळ्यात वाईट, उशीर.

या उशिराचा एक प्रसंग माझ्या डोळ्यासमोरचा आहे. गावातल्याच एका गच्चीवरच्या जागेत चार बँड होते, शेवटचा बँड सांगलीच्या पोरांचा. एसटीनी आलेली, ड्रमर स्नेअर ड्रम मांडीवर घेऊन पाच-सहा तास बसलेला, सिंबल शालीत गुंडाळलेले, ती शाल नक्की त्याच्या आज्जीची असणार. दुपारी चारला येऊन बसली. कार्यक्रम सातचा, सुरू झाला साडेसातला, कारण जागेच्या मालकाला वाटलं अजून लोक येतील. पहिला बँड त्याच्या ओळखीचा, त्यांनी अर्ध्या तासाची पन्नास मिनिटं केली, वन मोर वन मोर म्हणायला त्यांचेच मित्र होते. सांगलीच्या पोरांचा नंबर लागला तेव्हा नऊ एकोणचाळीस झाले होते. दोन गाणी झाली, तिसरं सुरू केलं, छान मराठी गाणं होतं, संथ सुरुवात, आणि नऊ पन्नासला मालकानी स्वतः येऊन कन्सोलवरचा मेन फेडर खाली ओढला. अकरा मिनिटं. व्होकलिस्ट मुलगी एक ओळ तशीच माइकशिवाय म्हणत राहिली, मग तिच्या लक्षात आलं. पैसे विचारले तर मालक म्हणाला तुमची माणसंच कुठं आली होती. मी बाजूला केबल गुंडाळत उभा होतो आणि काही बोललो नाही, हे अजून सलतं.

आता बघा, वाटून घेतलेल्या रात्रीच्या विरोधात याहून चांगला पुरावा मी स्वतःच दिला. पण नीट बघितलं तर यात चूक कुठल्या गोष्टीची होती? चौघांनी रात्र वाटून घेतली याची? तीन तास म्हणजे १८० मिनिटं. चार बँडचे प्रत्येकी तीस म्हणजे १२०, मधले तीन बदल पंधरा-पंधरा मिनिटांचे म्हणजे ४५, एकूण १६५. पंधरा मिनिटं शिल्लक राहतात. साडेसातला सुरू केलं की ती शिल्लक गेली आणि वर पंधरा मिनिटं उधारी. उशीर मालकानी केला, वीस मिनिटं पहिल्या बँडनी खाल्ली, आणि सगळी वळती झाली शेवटच्याच्या खात्यातून. नेहमी असंच होतं. कारण पहिल्याला थांबवणारं कुणी नसतं, आणि दहा वाजता शेवटच्याला थांबवायला सगळं गाव असतं. हा दोष एका रात्रीत चार जण असण्याचा असता तर आपल्याकडं शेकडो वर्षं लोक रात्री वाटून घेत आलेत, त्यांचं कसं चाललं असतं?

आणि इथंच मला आपल्या इंडीवाल्यांचा, म्हणजे स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडवाल्यांचा, थोडा राग येतो. चार बँडची रात्र म्हटलं की यांना लंडन आठवतं, न्यूयॉर्क आठवतं. अरे, कोकणातल्या डबलबारी भजनाचा बोर्ड बघा. दोन बुवा, दोन मंडळं, एक रात्र. पखवाज, झांजा, हार्मोनियम, आणि समोर खच्चून भरलेलं पब्लिक. पहिली बारी कुणाची, दुसरी कुणाची हे आधीच ठरलेलं असतं, बोर्डावर छापलेलं असतं. हल्ली तर ट्वेंटी-ट्वेंटी डबलबारी असते आणि तीन बुवांचा तिरंगी सामनाही असतो. शक्ती-तुऱ्याच्या सामन्याचं तेच, शक्तीवाले एका बाजूला, तुरेवाले एका बाजूला, एकानी सवाल टाकायचा आणि दुसऱ्यानी जवाब द्यायचा. तिकडं पहिल्या बुवाची माणसं पहिली बारी संपल्यावर उठून जातात का? नाही जात, कारण आपल्या बुवाला समोरचा काय उत्तर देतो हे ऐकल्याशिवाय घरी झोप कशी लागणार! दुसऱ्या बारीत पहिल्या बारीचं काहीतरी अडकलेलं असतं. आमच्या गिगमधे काहीच अडकलेलं नसतं. चार बँड म्हणजे एकाच फलाटावर लागोपाठ आलेल्या चार लोकल, प्रत्येक जण आपली पकडून निघून जातो. माणसं थांबत नाहीत ही तक्रार खरी, पण त्यांनी थांबावं असं आम्ही काय केलं? दुसऱ्या बँडनी पहिल्या बँडचं एक गाणं आपल्या ढंगात वाजवलं, शेवटच्या सेटला आधीच्या बँडची गायिका परत स्टेजवर आली, एवढं जरी केलं तरी निम्मे लोक थांबतात, मी बघितलंय.

'बारी' या शब्दाकडंच बघा ना. बारी म्हणजे पाळी, नंबर. संगीत बारीत, म्हणजे लावणी सादर करणाऱ्या बायकांच्या कार्यक्रमात, एकाच थिएटरवर अनेक पार्ट्या राहतात, एकीमागून एक बारी लागते, प्रत्येक पार्टीची ढोलकी वेगळी, पेटी वेगळी, चाहते वेगळे, छत एक. तिथं सगळं गोडीगुलाबीचं होतं आणि आहे असं कुणी म्हणणार नाही, त्या बायकांनी काय काय सोसलं हा वेगळा आणि मोठा विषय आहे आणि मी त्याला गिगच्या गप्पांत तोंडी लावणार नाही. मुद्दा एवढाच की वाटून घेणं ही आपल्याकडे अडचण नव्हती, ती त्या कलेची रचनाच होती, इतकी की नावातच आली.

लगेच कुणीतरी संयुक्त मानापमान काढेल, म्हणून मीच काढतो. ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर, गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श, त्या काळातले एकमेकांचे कट्टर स्पर्धक, एका नाटकात. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. टिळक स्वराज्य फंडासाठी. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे केशवराव गेले, त्यामुळं त्या रात्रीला आणखीनच दंतकथेचं रूप आलं. सीनला सपोर्टवाल्यांना हे उदाहरण फार आवडतं, बघा कसे मोठे लोक एकत्र आले, अहंकार विसरून वगैरे. मला विचाराल तर आपल्या वादात हे उदाहरण कामाचं नाही. ते दोघं आधीच शिखरावर होते, पैसा निधीला जाणार होता, पोटाचा प्रश्न नव्हता. एक दिवसाची माया कुणीही दाखवतो. आम्हाला पाहिजे महिन्यातल्या दर दुसऱ्या शनिवारी चालेल असं काहीतरी, जिथं कुणी कुणावर माया केली नाही तरी चालेल. म्हणून मला डबलबारीचं उदाहरण जवळचं वाटतं. तिथं बुवा एकमेकांना टोमणे मारतात, पब्लिक खिदळतं, आणि तरी बारी चुकत नाही.

सवाईकडून मात्र एक शिकण्यासारखं आहे. १९५३ साली भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला तेव्हापासून तो मूळचा वाटून घेतलेलाच कार्यक्रम. नवा कलाकार सुरुवातीला, ज्याच्यासाठी गर्दी येते तो शेवटी. लोक भारतीय बैठकीत जागा धरायला लवकर येतात आणि जागा धरून बसलेत म्हणून नव्या पोराचं गाणं ऐकतात आणि त्यातल्या काहींना ते आवडतं, आणि पुढच्या वर्षी त्या पोराचं नाव लोकांना माहिती असतं. यात कुणावर उपकार नाहीत, गर्दी कशी हलते याचा नुसता अभ्यास आहे. आमच्याकडे उलटं, ओळखीचा बँड म्हणतो आम्ही पहिले वाजवतो म्हणजे लवकर मोकळे होऊ. झालं, गर्दी पण मोकळी झाली.

आता 'एक्सपोजर'वाल्यांकडे वळतो, कारण त्यांना सोडलं तर अन्याय होईल. सीनला सपोर्ट करा हे वाक्य मला दिवसेंदिवस वर्गणीच्या पावतीसारखं वाटायला लागलंय. सपोर्ट म्हणजे काय? माणूस ३०० रुपये देऊन, पार्किंग शोधून, घामट गच्चीवर उभा राहतो तो चांगलं गाणं ऐकायला. तुमचा बँड बेसूर असला आणि तो माणूस परत आला नाही तर तो सीनचा गद्दार होत नाही. आणि या सपोर्टच्या नावाखाली मालक काय करतात बघा, प्रत्येक बँडनी पंचवीस तिकिटं खपवायची, कमी खपली तर फरक बँडनी भरायचा. आमच्या बँडनी भरलाय, चार जणांनी पाकिटं उलटी करून. ऐंशीच्या दशकात लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरच्या क्लबांनी हेच केलं, बँडना तिकिटं आधी विकत घ्यायला लावली, पे-टू-प्ले असं त्याला नावच पडलं. उलटं उदाहरणही त्याच देशातलं. न्यूयॉर्कचं सीबीजीबी, १९७३ चं, अत्यंत गलिच्छ जागा म्हणून प्रसिद्ध. तिथं अट होती स्वतःचीच गाणी वाजवायची, एका रात्रीत एकाहून जास्त बँड असायचे, आणि गेटचे पैसे बँडना, बारचे मालकाला असा साधा व्यवहार. रामोन्स, ब्लॉन्डी, टॉकिंग हेड्स तिथनंच पुढं आले. दोन्हीकडे रात्र वाटलेलीच होती. एकीकडे जोखीम बँडच्या डोक्यावर होती आणि दुसरीकडे बार चालवणारा ती उचलत होता, कारण बँडची माणसं आली की बिअर त्याचीच खपते. मग ही बिअर आमच्या हिशोबात का धरत नाहीत? 'तुमची माणसंच कुठं आली' असं सांगलीच्या पोरांना विचारणाऱ्या मालकाच्या गच्चीवर त्या रात्री एकही टेबल रिकामं नव्हतं.

कुणी म्हणेल कॅफेवाल्याचंही भाडं असतं, लायसन्स असतात, पोलिसांची परवानगी, गाण्यांच्या हक्कांसाठीची आयपीआरएसची फी, शेजारच्या सोसायटीचे फोन. मान्य, शंभर टक्के मान्य. मुंबईत लोअर परळचं ब्लू फ्रॉग २००७ साली उघडलं, देशभरच्या म्युझिशियनना तिथं वाजवायचं असायचं, तेही २०१६ मधे बंद झालं, म्हणजे हा धंदा अवघड आहे यात वाद नाही. पण अवघड धंद्यातच हिशोब लिहून ठेवतात ना? किराणा दुकानदाराला कमी नफा मिळतो म्हणून तो वही ठेवत नाही असं होतं का? मालकानी सरळ सांगावं की गेटमधले तीस टक्के माझे, साउंड माझं, किंवा गेट तुमचं, साउंडचं भाडं तुमचं. जे असेल ते. बँड हो म्हणतील नाहीतर नाही म्हणतील. गिगच्या आदल्या दिवशी कळतं ते वेगळं आणि रात्री साडेदहाला खुर्च्या आवरताना कळतं ते वेगळं, सगळी कटुता त्या साडेदहाच्या वेळेतली आहे.

दुसरा रस्ताही आहेच, मालकाची वाट न बघता बँडवाल्यांनीच गिग लावायचं. मुंबईच्या मेटलवाल्यांनी हे २००० नंतरच्या वर्षांत करून दाखवलंय. डेमॉनिक रिझरेक्शनचा साहिल मखिजा स्वतः बँड चालवायचा, स्वतः गिग लावायचा, स्वतःचं लेबल काढलं. ऐकणारे थोडे, जागा त्याहून थोड्या, त्यामुळं भयानक मौत, स्क्राइब असे वेगळ्या चालीचे बँडही एकमेकांच्या आगेमागे वाजवत राहिले आणि एकाचं पब्लिक दुसऱ्याचं झालं. हे कुणी वरून ठरवलं नव्हतं. मराठीत आता अभंग रिपोस्टसारखा बँड अभंगाला ड्रम आणि बेस लावतो आणि कॉलेजची पोरं माना हलवत विठ्ठल विठ्ठल म्हणतात, त्यांच्या आधी एखादा मेटल बँड वाजवला तर काय होईल? मला तर बघायचंय. एकाच चालीचे चार बँड एका रात्रीत ठेवणं हा मात्र शुद्ध वेडेपणा आहे, तीन ठेवा आणि तिन्ही वेगळे ठेवा. चार म्हणजे ताण, पाच म्हणजे गॅदरिंग.

साउंडचा मुद्दा राहिला. त्याला उत्तर आहे, फक्त कंटाळवाणं आहे म्हणून कुणी देत नाही. ड्रमकिट एकच, ते हलवायचं नाही, प्रत्येक ड्रमरनी फक्त स्वतःची स्नेअर, सिंबल आणि किकचं पेडल आणायचं. गिटारचे अँप दोनच, सगळ्यांनी तेच वापरायचे. साउंडचेक उलट्या क्रमानी, जो शेवटी वाजवणार त्याचा आधी, म्हणजे पहिल्या बँडचा चेक झाला की सेटिंग तसंच ठेवून थेट सुरू करता येतं, आणि शेवटच्या बँडला दुपारी निदान एकदा तरी स्वतःचा आवाज ऐकू येतो. यात काही रॉकेट सोडायचं नाहीये. पण गिटारवाला म्हणतो माझा टोन माझ्याच अँपमधनं येतो. बाळा, पत्र्याच्या शेडखाली सगळ्यांचा टोन पत्र्याचाच येतो.

तर ते लाल पोस्टरवालं गिग झालं. मी स्टेज सांभाळायला गेलो होतो, एका अटीवर की वेळापत्रक आणि हिशोब दोन्ही आधी चौघांना पाठवायचे. एका ए-फोर कागदावर लिहून गेटजवळच्या भिंतीला चिकटवलं, कोण किती वाजता, साउंडचं भाडं किती, जागेचा वाटा किती, उरलेल्याचे चार भाग. आलेले लोक तिकीट दाखवायच्या आधी तो कागद वाचत होते, एका काकांनी तर बेरीज तपासली. सात पाचला सुरू केलं. दुसरा बँड माझ्याच जुन्या मित्राचा, ज्याच्याबरोबर मी नऊ वर्षं वाजवलंय. सत्ताविसाव्या मिनिटाला मी त्याला बोटांनी तीन दाखवले, त्यानी मान हलवली आणि नवीन गाणं सुरू केलं, सात मिनिटांचं, मला माहितीये किती मिनिटांचं ते, बेसलाइन माझीच आहे. तिसाव्या मिनिटाला मी साउंडवाल्याला खूण केली आणि आवाज हळूहळू खाली गेला. गाणं अर्ध्यात. लोकांनी हुर्यो केली, माझीच. शेवटचा बँड नऊ वीसला स्टेजवर होता आणि पूर्ण तीस मिनिटं वाजवून दहाला दहा कमी असताना खाली उतरला.

मित्र त्या दिवसापासून बोलत नाहीये. रविवारी सकाळी मी चौघांना हिशोबाचा फोटो आणि पैसे पाठवले, प्रत्येकी ३,१५०. बाकी तिघांचे थँक्यू आले. त्याच्याकडून दोन दिवसांनी फक्त अंगठा आला, आणि काल रात्री एक मेसेज, पुढच्या वेळी आम्हाला शेवटचा स्लॉट दे.